कोल्हापुरात हौशी फिल्ममेकरांचं दोन दिवसांचं संमेलन कसं आखावं: खिद्रापूर, रंकाळा आणि खरी कॉर्नर

हौशी फिल्म करणारी मंडळी दोन दिवस एकत्र आणायची ठरली की पहिल्याच बैठकीत स्थळांची यादी निघते: पन्हाळा, जोतिबा, खिद्रापूर, रंकाळा, न्यू पॅलेस, नरसोबाची वाडी. ही यादी पूर्ण केली तर सहल छान होते, फिल्म मात्र होत नाही. म्हणून आधी एवढंच पक्कं करा: शहराबाहेरचं एक ठिकाण (खिद्रापूरचं जुनं कोपेश्वर मंदिर), शहरातलं एक (कुस्तीची तालीम), आणि रविवारी संध्याकाळी प्रत्येक टीमची तीन मिनिटांची पूर्ण फिल्म पडद्यावर. खालची सगळी आखणी या तीन गोष्टींसाठी आहे.

कोल्हापूर निवडण्यामागे पर्यटनापेक्षा मोठं कारण आहे. बाबुराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी इथे उभी केली आणि कॅमेराही इथेच घडवला. परदेशी यंत्र समजून घेऊन, स्थानिक कारागिराच्या हातांनी. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्यांनी १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी सुरू केली, तीही कोल्हापुरातच. १९३३ साली प्रभात पुण्याला गेली. तिच्या स्टुडिओच्या जागेवर आज फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आहे. हाताशी असेल त्यातून सिनेमा करायची ही परंपरा हौशी माणसाला आपली वाटते, आणि वाटायलाच हवी.

तारीख

डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ उत्तम. पावसाळ्यात खिद्रापूरचा विचारच करू नका. गाव कृष्णेच्या काठावर आहे आणि शिरोळ तालुक्यातला पूर किती चढतो ते २०१९ आणि २०२१ मध्ये सगळ्यांनी पाहिलं आहे. थंडीतलेही काही दिवस टाळा. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत अंबाबाईचा किरणोत्सव (मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत पोहोचण्याचा सोहळा) असतो, गर्दीमुळे राहण्याची सोय अवघड होते. त्रिपुरी पौर्णिमेला खिद्रापुरात मंदिराच्या उघड्या गोल छतातून चंद्र पाहायला माणसं लोटतात, तेव्हा निवांत शूटिंग होत नाही.

याच मोसमात ऊसतोड चालू असते. शिरोळकडच्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॉल्या एकामागोमाग एक असतात आणि त्यांना ओलांडून जाणं धोक्याचं आहे. कोल्हापूर ते खिद्रापूर अंतर साधारण ६० किलोमीटर आहे, पण नकाशावर दिसणारा वेळ धरू नका. दोन तास धरा.

माणसं आणि टीम

सोळा जण, चार टीम, दोन आयोजक. यापेक्षा जास्त माणसं घेतली तर रविवारी प्रत्येक फिल्मवर बोलायला वेळ उरत नाही. प्रत्येक टीममध्ये दिग्दर्शन, कॅमेरा, आवाज आणि एडिट यांना एकेक माणूस. टीम पाडताना मैत्री बघू नका, लॅपटॉप बघा: ज्याच्याकडे एडिट करता येईल असा लॅपटॉप आहे असा एक जण प्रत्येक टीममध्ये हवाच. नोंदणीच्या फॉर्मवर चार गोष्टी विचारा: कॅमेरा किंवा फोनचं मॉडेल, लॅपटॉपची रॅम, कोणतं एडिटिंग सॉफ्टवेअर येतं, आणि जेवण शाकाहारी की मांसाहारी.

गाडीचा हिशेब बहुतेकांचा इथे चुकतो. अठरा माणसं, चार ट्रायपॉड आणि चौदा-पंधरा बॅगा सतरा सीटच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मावत नाहीत. ट्रॅव्हलर आणि जोडीला एक चारचाकी घ्या. कुणाला बरं वाटेनासं झालं किंवा चार्जर हॉटेलवर राहिला तर त्या एका गाडीने सगळ्यांचा दिवस वाचतो.

परवानग्या

हे काम महिनाभर आधी सुरू करा. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि तिथे रोजची पूजाही चालते, त्यामुळे विचारायचं दोन्हीकडे. हातात फोन किंवा छोटा कॅमेरा धरून टिपणं आणि ट्रायपॉड, लाइट, अभिनेते घेऊन शूटिंग करणं यांत खातं फरक करतं. दुसऱ्या प्रकारासाठी लेखी अर्ज लागतो. परवानगी हातात नसेल तर ट्रायपॉड गाडीतच ठेवा आणि अख्खी फिल्म हातात कॅमेरा धरून करायची असंच ठरवा. ऐनवेळी पहारेकऱ्याशी हुज्जत घालून काही मिळत नाही. ड्रोन आणू नका, संरक्षित वास्तूवर तो विनापरवाना उडवता येत नाही. पुजाऱ्यांना आणि ग्रामपंचायतीला आधी फोन करा, किती माणसं येणार आणि किती वेळ थांबणार ते सांगा. अंबाबाईच्या गाभाऱ्याचं शूटिंग यादीतच धरू नका.

शहरातल्या तालमीसाठी वस्तादांना आदल्या आठवड्यात प्रत्यक्ष भेटा. सराव किती वाजता, सुट्टी कोणत्या वारी, हौद्याच्या (कुस्तीच्या लाल मातीच्या जागेच्या) किती जवळ जाता येईल, हे त्यांच्याकडूनच कळतं. काही तालमींमध्ये स्त्रियांना हौद्याजवळ येऊ देत नाहीत. हे आधी विचारून घ्या आणि नकार असेल तर पूर्ण टीमला जाता येईल अशी दुसरी जागा शोधा, उदाहरणार्थ चप्पल लाइनजवळच्या कारागिराचं दुकान. टीममधल्या मुलीला दारात उभं करून उरलेल्यांनी आत जाणं बरोबर नाही.

विषयाचे नियम

नियम चारच ठेवा. फिल्म तीन मिनिटांची, श्रेयनामावलीसह. एक माणूस एक काम करताना दिसलाच पाहिजे. इतिहास सांगणारा निवेदकाचा आवाज नको. संगीत स्वतः वाजवलेलं किंवा वापरायची परवानगी असलेलं. तिसऱ्या नियमावर सगळ्यात जास्त कुरकुर होते, पण तोच सगळ्यात उपयोगाचा आहे. निवेदन आलं की चित्र फक्त पुरावा म्हणून उरतं, ‘शिलाहारांच्या काळात’ म्हणायचं आणि खांब दाखवायचा. निवेदन काढलं की खांबाला हात लावणारा माणूस शोधावा लागतो.

सेटिंग: शुक्रवारी रात्री सगळ्यांचं एकसारखं करा

शुक्रवारी सात वाजता जमलात की ओळखपाळख अर्ध्या तासात आटोपा आणि उरलेला तास सेटिंगला द्या. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) सगळ्यांचा २५, शटर (एक चित्र किती वेळ उजेड घेतं) १/५० सेकंद. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ३० फ्रेमवर १/६० शटर ठेवलं की दुकानातल्या ट्यूबखाली चित्रावरून पट्टे सरकतात, आणि ते एडिटमध्ये सहजी जात नाहीत. उन्हात १/५० शटर पाळायचं तर एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काच) लागतो. नसेल तर बाहेर शटर वाढवा, पण फ्रेम रेट बदलू नका.

फोनवाल्यांची आणखी एक अडचण असते. बरेच फोन ‘२५’ लिहूनही उजेडाप्रमाणे फ्रेम रेट कमीजास्त करतात. मग वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज शॉटच्या सुरुवातीला जुळतो आणि तीन मिनिटांनी ओठांच्या मागे पडतो. उपाय दोन. फ्रेम रेट पक्का धरणारं कॅमेरा अ‍ॅप वापरा, किंवा फुटेज लॅपटॉपवर आल्यावर हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून ‘कॉन्स्टंट’ फ्रेम रेटवर काढून घ्या. चाचणी शुक्रवारीच करा: टाळी वाजवा, तीन मिनिटं रेकॉर्डिंग चालू ठेवा, पुन्हा टाळी वाजवा. दोन्ही टाळ्या जुळल्या तर ठीक.

रिझोल्यूशन १०८०पी पुरेसं आहे. १०० एमबीपीएसच्या फोर-के फुटेजचा एक तास ४५ जीबी होतो. तो कॉपी करण्यात शनिवारची संध्याकाळ जाते आणि आठ जीबी रॅमचा लॅपटॉप टाइमलाइनवर अडखळतो. प्रत्येक टीमला ६४ जीबीची दोन कार्डं, दोन बॅटऱ्या किंवा २०,००० एमएएचची एक पॉवर बँक, कॉलर माइक आणि हेडफोन. हेडफोनशिवाय रेकॉर्डिंग नाही, यात सूट देऊ नका. कॉलर माइक सदऱ्यावर घासतोय हे कानाला तत्काळ कळतं, मीटरवर कळत नाही. आवाजाची उंच टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या.

शनिवार: खिद्रापूर

सात वाजता निघा. नरसोबाची वाडी, कुरुंदवाडमार्गे नऊपर्यंत पोहोचता. पहिला अर्धा तास कॅमेरे बॅगेत. सगळ्यांनी नुसतं फिरायचं, उजेड कुठून येतो आणि कोणत्या आवाजाचा त्रास होणार ते वहीत टिपायचं. चपला बाहेर काढाव्या लागतात, थंडीत सकाळी दगड गारठलेला असतो, म्हणून जाड मोजे आणायला सांगा.

चारही टीम एकाच मंडपात घुसल्या तर एकमेकांच्या फ्रेममध्ये येतात. जागा चार करा: पुढचा स्वर्गमंडप, आतला सभामंडप, बाहेरच्या भिंतीच्या पायाशी असलेला हत्तींचा पट्टा, आणि नदीकडची बाजू. पावणेदहापासून पन्नास-पन्नास मिनिटांच्या चार पाळ्या लावा, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा. एक-सव्वापर्यंत काम संपतं.

स्वर्गमंडपाची नीट तयारी करा. वर सुमारे १३ फूट व्यासाचं गोल आभाळ उघडं आहे, खाली बारा खांबांच्या कड्यात गोल शिळा. या छिद्रातून आलेलं उन्हाचं वर्तुळ दिवसभर फिरत राहतं. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून सकाळी ऊन वायव्येच्या खांबांवर पडतं आणि चढत्या दिवसाबरोबर खाली व पूर्वेकडे सरकतं. भर मध्यान्हीसुद्धा ते शिळेच्या मध्यावर न येता उत्तरेकडे राहतं. मध्यान्ह घड्याळात बाराला नसते हेही लक्षात ठेवा. खिद्रापूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरंच पश्चिमेला आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य माथ्यावर येतो १२.२० च्या सुमारास, फेब्रुवारीच्या मध्यावर १२.४५ ला. बाराची वेळ धरून केलेला बेत अर्धा-पाऊण तास चुकतो.

आता एक्स्पोजर. उन्हाचं वर्तुळ आणि खांबामागचा अंधार यांत सात-आठ स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) फरक सहज असतो. फोन आपल्याआप अंधाराला उजळवतो आणि वर्तुळ पांढरं फटक होतं. वर्तुळावर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करा, मग ते खाली ओढा, उन्हातल्या दगडाचा खरबरीतपणा दिसेपर्यंत. माणसाला वर्तुळाच्या आत उभं करायचा मोह टाळा. वरून ऊन पडलं की डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. काठाच्या बाहेर एक पाऊल, तोंड वर्तुळाकडे करून उभं करा. शिळेवरून उसळलेला मऊ उजेड खालून चेहऱ्यावर येतो, लाइट आणि रिफ्लेक्टर नसतानाही चेहरा उठतो. कमी पडला तर दुसऱ्या माणसाने पांढरा सदरा घालून फ्रेमबाहेर जवळ उभं राहावं.

वर्तुळ सरकतं, म्हणून कंटिन्युइटी (एका शॉटचं पुढच्याशी जुळणं) बिघडते. आधी मोठा शॉट, लगेच जवळचे, सगळे पंधरा मिनिटांच्या आत. मध्ये चहाला गेलात तर परतल्यावर तोच माणूस तिथेच उभा असतो आणि ऊन भलत्याच खांबावर.

ट्रायपॉड नसेल तर कोपरं बरगड्यांना टेकवा, पाय थोडे फाकवा, श्वास सोडता सोडता शॉट सुरू करा आणि प्रत्येक शॉट निदान दहा सेकंद धरा. खांबांना टेकू नका, हत्तींवर पाय किंवा बॅग ठेवू नका, कोरीव काम उठून दिसावं म्हणून त्यावर पाणी-तेल-अबीर काही लावू नका. शतकानुशतकं टिकलेल्या कोरीव कामाला आपल्या एका शॉटसाठी धक्का लागता कामा नये.

निघण्याआधी प्रत्येक टीमने आपापल्या जागी साठ सेकंद गप्प बसून नुसता त्या जागेचा आवाज रेकॉर्ड करायचा. दगडी मंडपात प्रत्येक शब्दामागे घुमारा असतो. दोन कटांमध्ये हा आवाज अंथरला नाही तर कट कानाला टोचतो. हे काम प्रत्येक वेळी राहून जातं, म्हणून आयोजकाने घड्याळ लावून स्वतः करून घ्यावं.

जेवण वाडीत किंवा कुरुंदवाडला. वाडीची बासुंदी पॅक करून रात्रीसाठी घ्या. दुपारी वाटी-वाटी खाल्ली तर परतीच्या गाडीत सगळे झोपतात आणि रंकाळ्याला कुणी उतरत नाही.

रंकाळा आणि शनिवारची रात्र

चारला पोहोचलात की आधी कार्डं रिकामी करायची. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी, दोन्हीकडचा फाइलींचा आकडा आणि एकूण आकार जुळवा, दोन-तीन क्लिप उघडून पाहा, मगच कार्ड फॉरमॅट करा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फुटेज पाठवू नका, चित्र आवळून येतं. फोल्डरला टीम, वार आणि कार्डाचा क्रमांक रोमन अक्षरांत द्या. काही सॉफ्टवेअरना देवनागरी फोल्डर सापडत नाही.

साडेपाचला रंकाळ्याच्या पूर्वेकडच्या काठावर. सूर्य पाण्यापलीकडे मावळतो, जानेवारीच्या मध्यावर सहा वाजून वीस मिनिटांच्या आसपास. इथे नवीन गोष्ट सुरू करू नका. दिवसभरात राहिलेले शॉटच घ्या: हात, पावलं, पाठमोरा चेहरा. भेळेच्या गाड्या आणि वाहनांच्या गोंगाटात संवाद रेकॉर्ड करू नका.

रात्री आठ ते अकरा फक्त फुटेज बघणं आणि निवडणं. तीन मिनिटांच्या फिल्मसाठी पंचेचाळीस मिनिटांपेक्षा जास्त फुटेज आणू नका असं आधीच सांगा, कारण नुसतं एकदा बघायलाच पंचेचाळीस मिनिटं लागतात. जेवण हलकं ठेवा. तांबडा-पांढरा रस्सा रविवारी दुपारी, चित्राची टाइमलाइन पक्की झाल्यावर. शनिवारी रात्री मटणाचं ताट मांडलं की एडिटला कुणी बसत नाही.

रविवार: तालीम, खरी कॉर्नर, एडिट

साडेसहाला ठरलेल्या टीम तालमीत. सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तोवर आत दिव्याचाच उजेड. लाल मातीत जोर-बैठका, शड्डू, वस्तादांचे शब्द, हे आवाज चित्राइतकेच महत्त्वाचे आहेत. माइक मातीपासून दूर धरा आणि शड्डूच्या आवाजाला पातळी आणखी खाली घ्या. मांडीवर पडलेला तो एक फटका रेकॉर्डर सहज फोडतो.

साडेआठला सगळे खरी कॉर्नरला, महाराष्ट्र फिल्म कंपनीची आठवण म्हणून उभारलेल्या कॅमेऱ्याच्या स्मारकापाशी. इथे वीस मिनिटं पुरतात. माहिती देणाऱ्याला आधी सांगून ठेवा: सनावळी नको, त्या कंपनीत माणसं काय काय करत होती ते सांगा. पडदे रंगवणारा, पोस्टर काढणारा, यंत्र दुरुस्त करणारा, नट, सगळे एकाच अंगणात. नंतर मिसळ, आणि सव्वादहाला एडिटला बसायचं.

वेळापत्रक भिंतीवर लावा: दीड वाजता चित्र पक्कं, अडीचपर्यंत जेवण, चारपर्यंत आवाज आणि शीर्षकं, साडेचारला एक्सपोर्ट हातात. चित्र पक्कं झाल्यावर एकही कट बदलायचा नाही. आवाजाला दीड तास राखून ठेवला नाही तर दिसायला चांगली फिल्म ऐकायला अर्धवट वाटते.

मराठी शीर्षकं ही हमखास फसणारी जागा. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या लॅपटॉपवर निरर्थक अक्षरं होतो, आणि काही एडिटरमध्ये युनिकोडची जोडाक्षरंही फुटतात. ‘कोल्हापूर’ लिहून बघा: ‘ल्’ आणि ‘हा’ वेगळे पडले किंवा ‘खिद्रापूर’ची पहिली वेलांटी ‘ख’च्या मागे जाऊन बसली, तर त्या एडिटरवर विसंबू नका. युनिकोड फॉन्टमध्ये शीर्षक दुसऱ्या सॉफ्टवेअरवर बनवा, पारदर्शक पीएनजी काढा आणि ती चित्रासारखी टाइमलाइनवर ठेवा. एक्सपोर्ट झालेल्या फाइलमध्येच तपासा, एडिटरच्या खिडकीत नाही.

एक्सपोर्ट एच.२६४, १०८०पी, २५ फ्रेम, १०-१२ एमबीपीएस, आवाज ४८ किलोहर्ट्झ. चारही फिल्म एका पेनड्राइव्हवर आणि एका लॅपटॉपवर, दोन्हीकडे.

पडदा

हॉलला काळे पडदे नसतील तर खेळ सूर्य मावळल्यावरच लावा. प्रोजेक्टर ३,००० ल्युमेनचा तरी हवा. त्याचा स्वतःचा स्पीकर वापरू नका, दोन वेगळे स्पीकर मागवा. खेळाच्या तासभर आधी प्रत्येक फिल्मची पहिली वीस सेकंदं वाजवून आवाजाची पातळी एकसारखी करा, नाहीतर दुसरी फिल्म सुरू होताच लोक कानांवर हात ठेवतात.

प्रत्येक फिल्मला पंधरा मिनिटं. फिल्म एकदा दाखवा, बघणाऱ्यांनी काय पाहिलं आणि ऐकलं एवढंच सांगायचं, करणाऱ्यांनी तोवर बोलायचं नाही. मग दुसऱ्यांदा दाखवा आणि आता त्यांनी एकच प्रश्न विचारायचा. ‘छान झाली’ आणि ‘माझ्या मते असं करायला हवं होतं’ ही दोन्ही वाक्यं थांबवा. पहिल्या वाक्याने काही शिकायला मिळत नाही, दुसऱ्यात बोलणाऱ्याची फिल्म सुरू होते.

हॉल सोडण्याआधी दोन्ही हार्ड डिस्क दोन वेगळ्या माणसांच्या हवाली करा, एकाच गाडीत नको. फिल्ममध्ये दिसणारे पुजारी, पैलवान, कारागीर, भेळवाले यांची नावं आणि फोन नंबर एका वहीत आहेत ना ते बघा. पंधरा दिवसांत प्रत्येकाला त्याची फिल्म पोहोचवायची, आणि त्यासाठी प्रत्येक टीममधल्या एका माणसाचं नाव रविवारीच त्या वहीत लिहून ठेवायचं.